चर्चा करावी

आमच्या घरात एक नियम आहे: कचेरीतलं घरी बोलायचं नाही. हा नियम मीच केला, कारण मी मोठीबोडी नगरपरिषदेची जन माहिती अधिकारी आहे आणि गावात सगळ्यात जास्त माहिती मागणारा माणूस माझ्याच घरात जेवतो.

हा माणूस म्हणजे माझे बाबा, बळीराम नान्हे. टपाल खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात लोकांची पाकिटं न फोडता पोचवण्यात गेली, त्याचा सूड ते आता सरकारवर उगवतात, असं आई म्हणते. माझ्या नवऱ्याची नोकरी गडचिरोलीच्या जंगलात असल्यामुळे मी माहेरीच राहते. सकाळी बाबा माझ्या स्कूटरसाठी फाटक उघडून धरतात, "सावकाश जाजो बाई" म्हणतात, आणि मी खुर्चीवर बसून घोटभर पाणी पिते न पिते तोच अर्ज घेऊन टेबलासमोर हजर होतात. "नमस्कार मॅडम." मीही म्हणते, "बसा, नान्हे." कोणाला हसू आलं तर त्यानं व्हरांड्यात जाऊन हसावं.

बाबा सगळ्याची माहिती मागत. नालीचा उतार, दिव्यांचे खांब, मोकाट डुकरं. पण एक प्रश्न दर वर्षी नव्यानं यायचा. मंगळवारच्या बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह का नाही?

त्या बाजारात आई शिंगाडे विकते. आमच्याकडे तळ्याला बोडी म्हणतात, आणि गावाच्या नावातच बोडी असल्यावर शिंगाड्यांना काय तोटा. पण बाजाराच्या दिवशी आई सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाही. एकटी आईच नाही, भाजीवाल्या, मासोळीवाल्या, बांगड्यावाल्या सगळ्याच तशा. पुरुषांना बोडीच्या पाळीचा, म्हणजे बांधाचा, आडोसा आहे, बायकांनी कुठे जायचं? मागं आईला मुतखडा झाला. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. आई म्हणाली, "प्याले काही हरकत नाही जी. पुढचं तुमी पाहा."

गंमत अशी की या कामाला कोणाचा विरोधच नव्हता. निधी मंजूर होता, जागा नगरपरिषदेचीच होती, नगरसेवक एकजात बाजूनं. तरी नऊ वर्षं वीट हलली नाही. माहिती अधिकाराच्या जुन्या कायद्यात कागद मागता येत, कारण मागता येत नसे. 'का?' या प्रश्नाला आम्ही ठरलेलं उत्तर द्यायचो, की कारण ही माहितीच्या व्याख्येत बसणारी गोष्ट नाही. बाबांना मी फाईलीतला प्रत्येक कागद दिला होता, आणि एकाही कागदावर कारण नव्हतं.

मग दोन वर्षांपूर्वी 'कारण जाणण्याचा हक्क' आला आणि त्याच्या मागोमाग 'कारक' आला.

कारक म्हणजे काय, हे मी लोकांना कढीवरून सांगते. समजा कढी फुटली. का फुटली? ताक आंबट होतं म्हणून, आच मोठी होती म्हणून, की ढवळायचं सोडून कोणी फोनवर बोलत बसलं म्हणून? खरं कारण शोधायचं तर तीच कढी पुन्हा पुन्हा करून पाहावी लागेल, दर वेळी एकेक गोष्ट वगळून. जे वगळल्यावर कढी फुटत नाही, ते कारण. कढीचं हे जमतं. सरकारी निर्णयाचं जमत नाही, कारण गेलेली वर्षं काही पुन्हा पातेल्यात ओतता येत नाहीत.

कारक नेमकं तेच करतो. तो आधी कचेरीची एक जुळी कचेरी संगणकात उभी करतो. कुठली फाईल कोणाच्या टेबलावर किती दिवस होती, कोणता अधिकारी कशाला घाबरतो आणि कशावर पटकन सही करतो, बैठका, बदल्या, रजा, येणारे अर्ज, सगळं त्यात असतं. ही जुळी कचेरी खऱ्यासारखीच वागते याची खात्री झाली, की तो तिला हजारो वेळा पहिल्यापासून चालवतो, दर वेळी एकेक गोष्ट काढून. जी काढल्यावर निकाल बदलतो, ती साध्या मराठीत लिहून देतो.

सुरुवातीला यात एक घोळ झाला होता म्हणे. कुठलाही प्रश्न विचारला की कारक म्हणायचा, नगरपरिषद नसती तर हे काम वेळेत झालं असतं. उत्तर चूक नव्हतं, पण उपयोगाचंही नव्हतं. म्हणून त्यात 'अढळ' गोष्टींची सोय केली. कायदा, पाऊस, नगरपरिषद, अशा ज्या गोष्टी काढताच येणार नाहीत त्या आधी सांगून ठेवायच्या, म्हणजे यंत्र त्यांना हात लावत नाही. यंत्र बसवायला नागपूरहून एक मुलगी आली होती, तिनं आमच्या कचेरीतल्या अढळ गोष्टी डोंगरवार बाबूंना विचारून घेतल्या. डोंगरवार बाबू म्हणजे आमचे कार्यालय अधीक्षक. त्यांच्याइतकी जुनी गोष्ट कचेरीत दुसरी फक्त वडाचं झाड आहे. दोघं चहा पीत बराच वेळ बसले होते. मी माझ्या कामात होते.

पहिले काही महिने तर जत्राच भरली. बागेतला बाक भिंतीकडे तोंड करून का आहे, असं कोणी विचारलं. उत्तर आलं, कंत्राटदारानं नकाशा उलटा धरला, आणि उद्घाटन होऊन गेल्यामुळे बाक फिरवा असं सांगायला कोणी धजावलं नाही. बसस्टँडसमोरचा मोठा दिवा तिथेच का? कारण भलत्याच कामासाठी खणलेला खड्डा तिथे तयार होता. लोक आले होते चोरी पकडायला. चोरीही निघाली, एक ठेकेदार गाव सोडून गेला. पण बहुतेक वेळा निघाला तो आळस, भिडस्तपणा आणि 'वरून काही आलंय का' याची वाट पाहणं. गाव पोट धरून हसलं, आणि मला नवल वाटलं ते याचं, की आमची माणसंही हसली. उघडं पडायची भीती असते ना, ती उघडं पडल्यावर बरीचशी जाते.

बाबांनी या काळात एकही अर्ज केला नाही. ते लोकांची उत्तरं वाचत आणि यंत्राची पारख करत होते. खात्री पटली तेव्हा आले. नमस्कार मॅडम, बसा नान्हे, सगळं रीतीप्रमाणे झालं. प्रश्न तोच होता.

कारकाचं उत्तर आधी माझ्या पडद्यावर येतं. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि उगाचच दार लावून घेतलं.

'अर्जदार श्री. बळीराम नान्हे यांचे अर्ज वगळल्यास हे काम पहिल्याच वर्षी मंजूर झाले असते.'

खाली खुलासा होता. फाईल सहीपाशी आली की दर वेळी बाबांचा अर्ज यायचा. जागा कोणी ठरवली, हीच का ठरवली, नकाशा कोणी काढला? सहीला बसलेला अधिकारी विचार करायचा, की आज सही केली तर उद्या हा माणूस मला 'का?' म्हणून विचारणार, आणि मला काय सांगता येणार? त्यापेक्षा बदली होईपर्यंत राहू दे. मग नवा अधिकारी, नवा अर्ज, पुन्हा तेच.

डोंगरवार बाबूंनी माझं तोंड पाहून ओळखलं आणि पडद्यावरचं उत्तर वाचलं. ते म्हणाले की यात व्यक्तीचं नाव आहे, खासगी माहिती म्हणून रोखून ठेवता येईल, कलम मी काढून देतो. ते चांगल्या मनानंच म्हणत होते. मुख्याधिकारी उके साहेबांना मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. साहेब नवे, सज्जन आणि सहीला भिणारे; ही फाईल त्यांच्याच टेबलावर पडून होती. इतक्या वर्षांचं खापर कचेरीच्या डोक्यावरून उतरलं होतं, आणि उतरलं होतं ते थेट अर्जदाराच्या डोक्यावर. ते म्हणाले, उत्तर फलकावर लावा.

त्या संध्याकाळी मी घरचा नियम मोडला. बाबा देवळात गेले होते, आई ओट्यावर शिंगाडे सोलत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"मंग? देत नाहीस का त्यायले?"

"बाबांना लागेल ग. तुझ्यासाठी इतकी वर्षं भांडले, आणि आता त्यांनीच..."

"लागंन. दुसऱ्या कोनाचा अर्ज असता तं दिला असता का नाही?"

"दिला असता."

"मंग तसाच देजो. त्यायनं जन्मभर कोनाचं पाकीट दाबून नाही ठेवलं. चांगल्याचं नाही, वाईटाचंई नाही."

दुसऱ्या दिवशी बाबांना मी कचेरीत बोलावून उत्तर हातात दिलं. ते चष्मा लावून सावकाश वाचत होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी शिक्क्याचं झाकण उघडझाप करत बसले.

"हे बरोबर आहे का, मॅडम?"

"यंत्राच्या हिशेबानं बरोबर आहे."

त्यांनी कागदाची नीट घडी केली. मग टेबलाचा, खुर्चीचा, मॅडमचा सगळ्याचा विसर पडल्यासारखे म्हणाले, "म्हंजे बाई, तुह्या मायले माह्याच पायी भोगा लागलं."

मला रडू आलं. कचेरीत रडायची माझी ती पहिलीच वेळ.

त्यानंतर बाबांनी विचारणं सोडलं. कचेरीतलं तर सोडलंच, घरातलंही सोडलं. भाजीत मीठ कमी पडलं तरी का म्हणून विचारेनात. माझा पोरगा उशिरा घरी आला तरी कुठे होतास म्हणेनात. फलकावरचं उत्तर गावानं वाचलं होतं, चौकात लोक टोमणे मारत. "नान्हेभाऊ, तुमच्याच पायी अडलं म्हनते." बाबा मान हलवून पुढे जात. माझ्या टेबलासमोरची खुर्ची रिकामी राहू लागली. कधी काळी या माणसानं एक दिवस तरी येऊ नये म्हणून मी देवाला नारळ बोलले होते. आता मला त्या खुर्चीकडे पाहून राग येऊ लागला, आणि राग आला की माझं डोकं बरं चालतं.

कढी काय एकाच गोष्टीनं फुटते? ताक आंबट आणि आच मोठी, दोन्ही एकदम असेल तरच फुटली असं होऊ शकतं. मग दोन्हींतलं कुठलंही एक काढा, कढी वाचते. कारकाच्या नियमाप्रमाणे अशी जितकी कारणं असतील तितकी उत्तरात यायला हवीत. बाबांच्या उत्तरात एकच होतं. नऊ वर्षं काम अडून राहतं आणि अख्ख्या कचेरीत काढण्यासारखी दुसरी एकही गोष्ट सापडत नाही, हे मला पटेना. आमची कचेरी मी ओळखते.

मी यंत्रातल्या अढळ गोष्टी उघडून पाहिल्या. कायदा होता, पाऊस होता, मंगळवारचा बाजार होता. चार वाजताचा चहा होता. आणि त्याच्या खाली होतं, 'चर्चा करावी'.

ज्यांनी सरकारी फाईल पाहिलेली नाही त्यांना हे सांगायला हवं. खालून फाईल येते. साहेबांना सही करायची नसते आणि नाकारायचीही नसते. ते समासात लिहितात, 'चर्चा करावी', आणि फाईल खाली पाठवतात. मग खालचा माणूस वर जातो, चहा होतो, चर्चा होते. ती कुठेही लिहिली जात नाही. खालचा माणूस लिहितो, 'चर्चेनुसार सादर'. काय चर्चा झाली ते त्या दोघांनाच ठाऊक, आणि एकाची बदली झाली की कोणालाच नाही. नवे साहेब फाईल उघडतात, त्यांना काही उलगडत नाही, ते लिहितात, 'चर्चा करावी'. स्वच्छतागृहाच्या फाईलीत हा शेरा इतक्या हस्ताक्षरांत होता की बालवाडीला कित्त्यासाठी द्यावी.

मी डोंगरवार बाबूंना विचारलं, हे अढळमध्ये कसं गेलं? मला वाटलं, ओशाळतील. ते मुळीच ओशाळले नाहीत.

"मॅडम, त्या पोरीनं विचारलं, इथं कधीच बदलत नाही असं काय आहे? मी खरं होतं तेच सांगितलं."

यात लबाडी नव्हती. त्यांनी ज्या कचेरीत केस पांढरे केले तिथं सूर्य पूर्वेला उगवावा तसा 'चर्चा करावी' हा शेरा उगवत होता. मी तो अढळमधून काढला आणि कारकाला बाबांचा प्रश्न पुन्हा घातला. यंत्राला वेळ लागला, तितका वेळ डोंगरवार बाबू आणि मी दोघंही उभेच होतो.

'"चर्चा करावी" हा शेरा वगळल्यास, किंवा झालेली चर्चा फाईलवर लिहिली गेल्यास, अर्जदाराचे सर्व अर्ज कायम राहूनही हे काम पहिल्याच वर्षी मंजूर झाले असते.'

म्हणजे बाबांचा प्रश्न अवघड नव्हताच. त्याचं उत्तर कोणाला माहीत नव्हतं, एवढंच. अधिकारी बाबांना भीत नव्हते, आपल्याला काही सांगता येणार नाही याला भीत होते. डोंगरवार बाबूंनी ते वाचलं आणि प्रथमच त्यांचा चहा निवला.

मी सुधारित उत्तर फलकावर लावलं आणि बाबांना घरी नेऊन दिलं. नियम आधीच मोडला होता. मला वाटलं, आता त्यांचा चेहरा खुलेल. पण ते टपालातले आहेत, अर्धा पत्ता वाचून पत्र टाकत नाहीत.

"दोन कारणं आहेत," ते म्हणाले. "एक तुमचं, एक माहं."

"हो."

"म्हंजे माहं खोटं नाही झालं."

"नाही झालं."

"मंग मी नाही विचारत आता. होते ते होऊ द्या." असं म्हणून ते गाईला चारा टाकायला गेले.

उके साहेबांची पंचाईत झाली होती. आता खापर परत त्यांच्या टेबलावर आलं होतं. ते मला म्हणाले की चर्चा करायची नाही म्हणजे काय, आम्ही बोलायचंच नाही का? मी म्हटलं, साहेब, बोला की. सगळ्यांसमोर बोला, म्हणजे कोणाला लक्षात ठेवावं लागणार नाही. साहेबांनी विचार केला. मग मला आजवर कुठल्या अधिकाऱ्याकडून ऐकायला न मिळालेलं वाक्य ते बोलले. ते म्हणाले, मंगळवारी बाजारातच फाईल घेऊन जाऊ, आणि नान्हेंना बोलवा. त्यांनी काय विचारायचं ते सहीच्या आधी विचारावं. नंतर विचारतील या धास्तीनं मला झोप येत नाही.

बाबा यायला तयार नव्हते. मंगळवारी आईनं त्यांना शिंगाड्याचं पोतं उचलायला लावलं. पोतं तिला एकटीला दर मंगळवारी उचलतं, पण त्या दिवशी उचलेना.

बाजार भर रंगात होता. ऊन चांगलं पडलं होतं. आईच्या दुकानाशेजारी, जिथं ते स्वच्छतागृह व्हायचं होतं त्या रिकाम्या जागेत, उके साहेब फाईल घेऊन उभे राहिले. मी ध्वनिमुद्रण सुरू केलं. साहेबांनी जागा सांगितली, नकाशा दाखवला, ही जागा का निवडली तेही मोठ्यानं सांगितलं. आवाज आधी कापत होता, मग मासोळीवाल्या बायका "जरा जोरानं जी" म्हणाल्या तेव्हा सुधारला. बोलून झाल्यावर त्यांनी पेन काढलं, आणि सही न करता बाबांकडे पाहिलं.

"नान्हे, विचारा."

बाबा पोत्याच्या मागे उभे होते. त्यांनी मान हलवली.

"विचारा हो," साहेब म्हणाले. "तुम्ही विचारल्याशिवाय मी सही करत नाही."

सगळा बाजार बाबांकडे पाहू लागला. तराजू थांबले. मला भीती वाटली, की आता हे खरंच काही बोलणार नाहीत आणि फाईल परत कपाटात जाईल, या वेळी कोणाच्या प्रश्नामुळे नाही तर न विचारल्यामुळे. बाबांनी साहेबांकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ते सगळं सोडून ते आईकडे वळले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"तुले कसं पाहिजे?" त्यांनी विचारलं.

आईनं शिंगाड्यांवरचं ओलं फडकं सारखं केलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते लपवतही नव्हती.

"नऊ वर्षं सरकारले विचारलं तुमी," ती म्हणाली. "मले आज विचारलं."

शेजारच्या बांगड्यावालीला हसू फुटलं, मग मासोळीवाल्यांना, आणि शेवटी बाबांनाही. कित्येक दिवसांनी मी त्यांना हसताना पाहत होते. साहेबांनी फाईल मिटली आणि लिहायला कोरा कागद काढला.

"बसा मंग नीट," आई बाबांना म्हणाली, आणि साहेबांसाठीही एक पोतं पुढे सरकवलं. "तुमीई बसा जी. दार कोनीकडं पाहिजे तितपासून सांगावं लागंन. वेळ लागते."